मुलांना खोटं बोलायला लावणारा दंड

भारतातून फोन आला की नातेवाईक हमखास विचारतात, “आठवडाभर शाळा बुडली तर एवढं काय बिघडतं?” बिघडतं ते असं. इंग्लंडमध्ये दहा आठवड्यांच्या काळात मुलाची पाच दिवसांची शाळा परवानगीशिवाय बुडली, की कौन्सिलकडून दंडाची नोटीस येऊ शकते. ती आईला वेगळी, वडिलांना वेगळी आणि प्रत्येक मुलामागे वेगळी येते. एकवीस दिवसांत भरले तर ८० पाउंड, त्यानंतर अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत १६०. म्हणजे आई, वडील आणि दोन मुलं अशा घराला एका प्रवासाचे किमान ३२० पाउंड. तीन वर्षांच्या आत त्याच मुलासाठी दुसऱ्यांदा नोटीस आली तर कमी रकमेची सवलत संपते आणि थेट १६० भरावे लागतात. तिसऱ्या वेळी दंडाची नोटीस येत नाही, प्रकरण न्यायालयात जाऊ शकतं. जाणूनबुजून शाळा बुडवली असं तिथे सिद्ध झालं तर अडीच हजार पाउंडांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नोटिशीची रक्कम पूर्वी ६० आणि १२० पाउंड होती, ती ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण्यात आली.

लेस्टर शहरातल्या एका प्राथमिक शाळेच्या ऑफिसात मी बरीच वर्षं काम करते. हजेरी माझ्याकडे आहे. सकाळी वर्गावर्गातली हजेरी भरून झाली की कोण आलेलं नाही ते मला दिसतं आणि मी घरोघरी फोन लावायला घेते. मूल आजारी असेल तर एक अक्षर, डॉक्टरकडे गेलं असेल तर दुसरं, आणि परवानगी न घेता सुट्टीवर गेलं असेल तर ‘जी’. पाच दिवस ओळीने ‘जी’ पडला की माझ्याच हातून कागद कौन्सिलकडे जातो. म्हणून हे लिहिते आहे. मुलांची शाळा बुडू नये असं मला मनापासून वाटतं, त्यासाठीच मी रोज कामावर जाते. पण सुट्टीसाठीचा हा दंड मुलांची शाळा वाचवत नाही. तो पालक आणि शाळा यांच्यातला विश्वास मोडतो, कमी कमावणाऱ्यांना जास्त लागतो, आणि मुलांना खोटं बोलायला शिकवतो. तो बंद व्हावा आणि रजेचा निर्णय पुन्हा मुख्याध्यापकांच्या हाती यावा, असं माझं ठाम मत आहे.

असा अधिकार त्यांच्याकडे होता. सप्टेंबर २०१३ पूर्वी, विशेष कारण असेल तर मुख्याध्यापक वर्षाला दहा दिवसांपर्यंत कौटुंबिक सुट्टीची रजा देऊ शकत. मायकल गोव्ह शिक्षणमंत्री असताना नियम बदलला. तेव्हापासून रजा फक्त अपवादात्मक परिस्थितीत मिळते, आणि सुट्टीची गरज किंवा इच्छा ही सर्वसाधारणपणे अपवादात्मक धरू नये, असं सरकारी मार्गदर्शन सांगतं.

बदलापूर्वीचे दिवस मला चांगले आठवतात. पालक एका पानाचा अर्ज भरायचे. आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापिका त्यांना बोलावून घ्यायच्या, मुलाची आधीची हजेरी समोर ठेवायच्या आणि विचारायच्या, कुठे जाणार, कुणाकडे राहणार, परत कधी येणार, तिथे मूल काय वाचणार? काहींना त्या स्पष्ट नाही म्हणायच्या. ज्यांना हो म्हणायच्या त्यांच्या मुलाच्या हातात एक वही द्यायच्या. ती वही परत यायची तेव्हा तिच्यात आजोळच्या घराचं चित्र असायचं, एसटीचं तिकीट चिकटवलेलं असायचं, आजीकडून ऐकलेली गोष्ट इंग्रजीत उतरवलेली असायची. वर्गशिक्षिका ती साऱ्या वर्गाला वाचून दाखवायची. आणि मूल ठरलेल्या तारखेला परत यायचं, कारण आई-बाबांनी समोर बसून शब्द दिलेला असायचा.

आता असे अर्ज फारसे येत नाहीत. नकारच मिळणार, आणि अर्ज केला की आपण जाणार हे शाळेला आधीच कळणार, एवढं पालकांना समजलं आहे. त्याऐवजी सोमवारी सकाळी गैरहजेरीच्या फोनवर निरोप असतो. ताप आहे, उलट्या होताहेत, कांजिण्या आल्या आहेत. मी उलट फोन लावते तेव्हा इथली नेहमीची घंटी वाजत नाही, परदेशातली वेगळीच घंटी कानावर येते. हजेरीचं काम करणाऱ्या कुणालाही ती लगेच ओळखू येते.

इथल्या मराठी आणि गुजराती आया मला ताई म्हणतात. त्यातली एखादी निघण्याआधी बाजूला घेऊन विचारते, “ताई, आजारी म्हणून लिहाल ना? धाकट्या दिराचं लग्न आहे, न जाऊन कसं चालेल?” मी तसं लिहीत नाही. हजेरीपट हा कायद्याचा कागद आहे, आणि तो खोटा भरायची सवय लागली तर एखादं मूल खरंच संकटात असेल तेव्हा आम्हाला पत्ता लागणार नाही. पण तिच्या प्रश्नाचा दुसरा भाग खरा असतो, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नसतं.

दोन आठवड्यांनी तिची मुलगी परत येते. हातावरची मेंदी फिकी झालेली असते, गेलेली नसते. शिक्षिका विचारते, बरं वाटतंय का आता? मुलगी मान हलवते. घरून निघताना आईने बजावून ठेवलेलं असतं. काकाच्या वरातीत ती नाचलेली असते, चुलत भावंडांबरोबर गच्चीवर झोपलेली असते, दिवसरात्र मराठी ऐकून तिच्या तोंडी पूर्ण वाक्यं आलेली असतात. इथल्या शनिवारच्या मराठी वर्गात वर्षभरात जे जमलं नसतं ते त्या घरात आपोआप झालेलं असतं. यातलं काहीही तिला वर्गात सांगता येत नाही. सहा वर्षांच्या मुलीने आपल्या सगळ्यात आनंदाच्या दिवसांबद्दल गप्प राहायचं, कारण ते आई-बाबांना अडचणीत आणतील. शाळेने एका लहान जिवावर एवढं ओझं घालावं, हे मला बघवत नाही.

मृत्यूच्या वेळी तर हा नियम फार टोचतो. अशी रजा द्यायची का आणि किती दिवस, हे मुख्याध्यापकांनी ठरवायचं असतं, त्यामुळे शाळेगणिक फरक पडतो. अंत्यविधीसाठी म्हणून दोन-तीन दिवस मंजूर होतात. पण विमान, मग गाडी, असं करत सांगलीजवळच्या गावी पोचण्यातच त्यातला बराचसा वेळ जातो. आजोबांचा तेरावा होईपर्यंत वडिलांना तिथे थांबावंच लागतं, आणि मुलांना इथे मागे ठेवायला घरात कुणी नसतं. असा एक फोन मी घेतला आहे. पलीकडे वडील रडत होते आणि रडतारडता रजेचे दिवस विचारत होते. अशा माणसाला नियम वाचून दाखवणं हे शाळेचं काम असू नये.

हा दंड कागदावर सगळ्यांना सारखा आहे, लागतो मात्र सारखा नाही. ऑगस्टमध्ये आणि नाताळात लंडन–मुंबईची तिकिटं सत्राच्या मधल्या दिवसांपेक्षा कितीतरी महाग असतात. चौघांच्या कुटुंबाने तारखा बदलल्या तर वाचणारी रक्कम ३२० पाउंडांहून सहज जास्त भरते. हातात पैसा असलेले पालक हा हिशोब मांडतात, दंड प्रवासखर्चात धरतात आणि जातात. केअर होममध्ये रात्रपाळी करणाऱ्या किंवा वेअरहाउसमध्ये खोकी उचलणाऱ्या आईचं तसं नसतं. तिला ऑगस्टची रजा मिळतच नाही. त्या महिन्यात सगळ्यांनाच रजा हवी असते आणि जुन्या कर्मचाऱ्यांचा नंबर आधी लागतो. तिच्या वाट्याला येतात ते फेब्रुवारीतले किंवा नोव्हेंबरातले दोन आठवडे. कित्येक वर्षांनी आई-वडिलांना नातवंडं दाखवायला ती निघते. तिच्यासाठी ८० पाउंड म्हणजे घरातलं आठवड्याचं वाणसामान, आणि मुदतीत जमले नाहीत तर त्याचे १६० होतात. ज्याच्यापाशी पैसे कमी, तोच शेवटी दुप्पट भरतो. या पैशातलं शाळेला काही मिळत नाही. ते कौन्सिलकडे जातात.

दंडामुळे असे प्रवास थांबले असते तर त्याच्या बाजूने निदान तेवढं म्हणता आलं असतं. ते थांबलेले नाहीत. इंग्लंडमध्ये २०१८-१९ या शालेय वर्षात गैरहजेरीच्या सुमारे ३ लाख ३३ हजार नोटिसा निघाल्या होत्या, २०२३-२४ मध्ये सुमारे ४ लाख ८७ हजार निघाल्या. त्यातल्या दर दहांपैकी नऊ सुट्टीसाठी होत्या.

गैरहजेरीचा खरा प्रश्न याच काळात दुसरीकडे वाढत होता. वर्षातली दहा टक्के किंवा त्याहून जास्त शाळा बुडाली तर ते मूल सतत गैरहजर राहणारं धरतात. कोविडपूर्वी साधारण नऊ मुलांत असं एक होतं, २०२३-२४ मध्ये पाचांत एक झालं. निम्मी किंवा त्याहून जास्त शाळा बुडवणारी मुलं त्या वर्षी १ लाख ७० हजारांच्या वर होती. ही मुलं विमानात बसलेली नसतात. कुणी भीतीने घराबाहेर पडत नाही. कुणाला विशेष मदतीची गरज असते आणि ती मिळालेली नसते. कुणी आजारी आईचं सगळं करत असतं. कुणाचं कुटुंब तात्पुरत्या निवाऱ्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवलेलं असतं. अशा एका मुलाला परत वर्गात बसवायचं तर त्याच्या घरी जावं लागतं, आईशी पुन्हा पुन्हा बोलावं लागतं, सकाळी फाटकाशी त्याची वाट बघत उभं राहावं लागतं. त्या मानाने ‘जी’चा कागद पाठवणं फार सोपं आहे. ते सोपं म्हणून होत राहतं, आणि ज्या मुलांना माझी गरज आहे त्यांच्या वाट्याचा वेळ त्यात जातो.

शाळेसाठी दंड ही कल्पना मराठी माणसाला अनोळखी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्याआधी १९०६ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी साऱ्या बडोदा संस्थानात सक्ती लागू केली, तिथेही पालकांना दंड होता. तो दंड योग्यच होता, असं मी म्हणते. पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवलेल्या घरांतल्या मुलांसाठी शाळा उघडत होत्या, आणि मूल कधी शिकणारच नाही हा धोका समोर उभा होता. आमच्या शाळेतली जी मुलगी वर्षभर रोज येते, जिचे आई-बाबा पालकसभा चुकवत नाहीत, जिच्याकडून घरी रोज रात्री पुस्तक वाचून घेतलं जातं, ती आठ दिवस आजोळी गेली तर असा कोणता धोका असतो? शाहू महाराजांचा रुपया मुलाला शाळेत आणण्यासाठी होता. हे ८० पाउंड शाळेत येणाऱ्याच मुलांच्या घरून वसूल होतात.

आजच्या महाराष्ट्रातलं उदाहरणही डोळ्यांपुढे आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला निघणारी कुटुंबं मुलांना सोबत नेतात आणि त्यांची शाळा महिनोन्‌महिने सुटते. इथल्या कोणत्याही सुट्टीपेक्षा ते नुकसान कितीतरी मोठं आहे. तरीही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने त्या आई-बापांवर दंड ठेवला नाही, आणि त्यात शहाणपण होतं. मूल का जातं हे विचारलं गेलं, म्हणून गावात हंगामी वसतिगृहांची सोय उभी राहिली. ती अजून अपुरी आहे, पण सुरुवात कारण विचारण्यापासून झाली.

दंडाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. आइल ऑफ वाइट या बेटावरचे जॉन प्लॅट एप्रिल २०१५ मध्ये, शाळेने नकार दिलेला असताना, मुलीला फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला घेऊन गेले. तिची एकूण हजेरी नव्वद टक्क्यांच्या वर होती म्हणून खालच्या न्यायालयांनी त्यांची बाजू घेतली. ६ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने तो निर्णय फिरवला आणि शाळेच्या नियमाप्रमाणे येणं हीच नियमित हजेरी, असं ठरवलं. निकाल लेडी हेल यांनी लिहिला. गैरसोय सोसून नियम पाळणाऱ्या पालकांचा अशा सुट्टीने अपमान होतो, आणि मधेच गैरहजर राहण्याने इतर मुलांच्या शिकण्यातही अडथळा येतो, हे त्यांचे मुद्दे मला पटतात. तीस मुलांच्या वर्गात अपूर्णांक शिकवून झाल्यावर दोघं परत आली की शिक्षिकेला मागे जावं लागतं. नियम सरसकट असला की मुख्याध्यापकांवर कुणाला दबाव आणता येत नाही, हेही खरं. आणि दोन आठवड्यांची रजा परस्पर पाच आठवड्यांवर नेणारे पालक मी पाहिले आहेत. पण यांतल्या प्रत्येक गोष्टीला उत्तर आहे ते विचार करून दिलेली आणि विचार करून नाकारलेली रजा. नियम पाळणाऱ्यांचा मान राखायचा, तर नियम पाळता येण्यासारखा हवा.

शाळेचं वेळापत्रक नेहमीच लोकांच्या जगण्यावरून ठरत आलं आहे. लेस्टरमधले होजिअरीचे आणि बुटांचे कारखाने जुलैच्या सुरुवातीला पंधरा दिवस बंद असत. कामगारांना मुलांसह समुद्रावर जाता यावं म्हणून इथल्या शाळा उरलेल्या इंग्लंडच्या आधी सुटत. त्यातले बहुतेक कारखाने गेले, पण या भागातल्या अनेक शाळा अजूनही आधी सुटतात. स्कॉटलंडमधली ऑक्टोबरची सुट्टी बटाटे काढायला मुलं लागत म्हणून सुरू झाली, आणि लोक अजून तिला बटाट्याची सुट्टी म्हणतात. आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात शाळांना गणपतीची सुट्टी असते, गोव्यात चतुर्थीची असते. लेस्टरच्या आजच्या कामगारांची मुळं गुजरातेत आहेत, महाराष्ट्रात आहेत, पंजाबात आहेत. त्यांनाही वेळापत्रकात जागा मिळायला हवी. दिवाळीला धार्मिक सण म्हणून एका दिवसाची रजा मिळते, तेवढ्यात मुंबई गाठता येत नाही. ऑक्टोबरची सुट्टी एकाऐवजी दोन आठवड्यांची केली तर किती घरांचा प्रश्न सुटेल! शेजारच्या नॉटिंगहॅमशायरने २०१९ मध्ये तसं करून पाहिलं होतं.

आणि रजेचा अधिकार परत देणं अवघड नाही. वेल्समधल्या मुख्याध्यापकांना दहा दिवसांपर्यंतची सुट्टी मंजूर करण्याची मुभा आजही आहे. स्कॉटलंडमध्ये असा दंडच नाही. इंग्लंडमध्ये माझ्या मते एवढं पुरे. तीन वर्षांतून एकदा, दहा दिवसांपर्यंत, आणि मुलाची हजेरी चांगली असेल तरच. सहावीतल्या मुलांना मे महिन्यातल्या परीक्षांआधी नाही, माध्यमिकच्या शेवटच्या दोन वर्षांत नाही, आणि नवा वर्ग सुरू होतो त्या सप्टेंबरात नाही. परतीची तारीख लेखी, बुडालेला अभ्यास कसा भरून काढणार तेही लेखी. दिलेला शब्द मोडला तर पुढची रजा नाही. घरातल्या मृत्यूसाठी वेगळा नियम, आणि त्यात प्रवासाचे दिवस धरलेले. मुलाला खरोखर शाळेपासून तोडणाऱ्या पालकांसाठी न्यायालयाची वाट उघडी राहावीच.

भारतातल्या आजी-आजोबांना, काका-मामांनाही माझं सांगणं आहे. लग्नाची तारीख पक्की करण्याआधी इथल्या नातवंडांची सुट्टी विचारा. २०२५ सारखी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली तर इंग्लंडमधली बहुतेक मुलं मोकळी असतात, २०२६ सारखी १४ सप्टेंबरला आली तर नवा वर्ग नुकताच सुरू झालेला असतो. त्या वर्षी आग्रह धरू नका. “एवढं काय बिघडतं” म्हणून मुलाला आणि सुनेला कात्रीत पकडू नका.

आणि इथल्या मराठी पालकांनो, तुम्हाला हात जोडून सांगते, आजारपणाचा निरोप ठेवू नका. अर्ज करा आणि त्यात खरं कारण लिहा. आईचं वय लिहा, किती वर्षांनी जाताय ते लिहा, ऑगस्टची रजा का मिळत नाही ते लिहा. नकार आला तर त्याचं कारण लेखी मागा. शाळेच्या नियामक मंडळात पालकांच्या जागा असतात, त्या निवडणुकीला उभे राहा. नगरसेवकाला, खासदाराला पत्र लिहा. खऱ्या कारणांचे अर्ज फायलीत साठत गेले, तर हा नियम कुणावर पडतो आहे हे सरकारला दिसेल. खोट्या तापांच्या नोंदींतून ते कधीच दिसणार नाही. दंड भरावा लागला तरी मुलाला परत आल्यावर वर्गात मान वर करून सांगू द्या, की मी माझ्या आजीकडे गेलो होतो.